भट्टीपासून नऊ पावलं

त्याला सगळे पारा म्हणायचे. रागीट होता म्हणून नव्हे. राग त्याला वर्षातून एखाद्या वेळी यायचा आणि तोही कोणाच्या लक्षात यायच्या आत उतरायचा. पारा म्हणायचे ते भट्टीमुळे. भट्टीच्या तोंडातून आत एक नजर टाकून तो सांगायचा, "अजून वीस अंश कमी आहे, थांबा." पुढे भट्टीला तापमान दाखवणारं यंत्र बसवलं, तेव्हा बसवणारा माणूस दिवसभर यंत्राचा आकडा आणि याचा आकडा ताडून बघत राहिला. संध्याकाळी हत्यारं गोळा करताना म्हणाला, "मग हे यंत्र घेतलंत कशाला?"

काच फुंकणाऱ्यांच्या घरातली ही तिसरी पिढी. आधी आजोबा, मग वडील, आता पारा आणि त्याचा दहा वर्षांनी धाकटा भाऊ. लांबलचक पत्र्याची शेड होती. एका टोकाला काच वितळवायची भट्टी, दुसऱ्या टोकाला तयार वस्तू हळूहळू निववायची भट्टी, आणि मधल्या भिंतीपलीकडे घासायचं चाक, त्यावर सतत पाणी ठिबकत असायचं. चाकावर पाराची बायको बसायची. लग्न होऊन आली त्या महिन्यात गंमत म्हणून बसली, ती तीस वर्षं उठली नाही. बरण्या, दिव्यांच्या हंड्या, औषधवाल्यांच्या मोठ्या बाटल्या, जे मागाल ते या शेडमधून निघायचं.

भीती पहिल्यांदा आली ती दोन वर्षांपूर्वी. सकाळी भट्टीचं दार उघडलं, तर आतल्या उजेडाभोवती दुसरा एक उजेड होता, दूध सांडल्यासारखा. पाराने डोळे चोळले, तोंड धुऊन आला, पुन्हा बघितलं. दूध तिथेच. हे काय आहे ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

वडिलांचे डोळे अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले होते. चाळीस वर्षं उघड्या डोळ्यांनी भट्टीत बघितलं की आतलं भिंग अंड्यासारखं शिजतं, असं ते म्हणायचे. ऑपरेशनला मात्र ठाम नाही म्हणाले. त्यांच्या चुलत्याचा डोळा तशाच ऑपरेशनात कायमचा गेला होता. उरलेली अकरा वर्षं ते शेडच्या दाराशी स्टुलावर बसून राहिले. कोणाची चाहूल लागली की मान वर करून विचारायचे, "कोण?" दिवसातून शंभर वेळा. स्वतःच्या सुनेलाही, नातवंडांनाही. वडील गेले तो दिवस पाराला आता नीटसा आठवत नसे, तो "कोण?" मात्र अजून कानात होता. आणि आता तो स्वतः छप्पन्न वर्षांचा होता.

तो कोणाला बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. भट्टीच्या झगझगाटातून मागे वळलं की काही क्षण त्याला नुसता पिवळट अंधार दिसायचा, म्हणून तो पावलं मोजायला लागला. भट्टीपासून बाकापर्यंत सात. बाकापासून निववायच्या भट्टीपर्यंत बावीस. बसण्याआधी हात मागे नेऊन बाक चाचपायचा. रंग दगा देऊ लागले होते, सगळंच केशरी दिसायचं, म्हणून तो गालाला लागणाऱ्या धगीवरून आणि फुंकणीच्या टोकाला लोंबणाऱ्या काचेच्या वजनावरून अंदाज बांधायचा. चाळीस वर्षांचा हात होता, निभावून जात होतं. रोज संध्याकाळी भट्टीचं दार लावताना तो मनात म्हणायचा, आजचा दिवस कोणाला इजा झाली नाही. 

अशात शेडमध्ये शिल्पकार बाई आल्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, पँटच्या खिशात मोजपट्टी. एका मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या दालनासाठी त्यांना काचेच्या सहा पाठी करायच्या होत्या. माणसांच्या पाठी, कामात वाकलेल्या, आतून पोकळ, प्रत्येक चांगली हातभर रुंद. त्यांनी जमिनीवर कागद पसरले.

"फुंकता मला येत नाही," त्या म्हणाल्या, "मी डोळ्याने काम करणारी बाई आहे. तीन कारखान्यांनी नाही सांगितलं. शेवटच्या ठिकाणी म्हणाले, एवढा मोठा गोळा सांभाळणारा एकच माणूस आहे, आणि त्याला यंत्राची गरज लागत नाही."

धाकट्याने भावाकडे बघितलं. धाकटा खुशीत आला होता. बरण्यांनी तो विटला होता. नाही म्हणायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. बारा-पंधरा किलो वितळलेली काच चार हात लांब फुंकणीच्या टोकाला घेऊन चालायचं, ते आता आपलं काम नाही, हे पाराला स्वच्छ कळत होतं. पण "नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न "का?" येणार होता.

"करू की," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, आपण गळ्यात धोंडा बांधून घेतला.

बाईंनी शेडमधल्याच माणसांच्या पाठी निवडल्या. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याची, पेट्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याची, फुंकण्या घासणाऱ्या पोराची, धाकट्याची, चाकावरच्या वहिनींची. प्लॅस्टरचे ठसे घेतले, त्यावरून सुताराने दोन भागांचे लाकडी साचे कोरले, आणि ते रात्रंदिवस पाण्यात बुडवून ठेवले, म्हणजे गरम काच लागली तरी पेटू नयेत. सहावी पाठ पाराची. तो उघडा होऊन बाकावर वाकून बसला, बाई ओलं प्लॅस्टर थापत होत्या. ते हळूहळू गरम होत गेलं.

"पारादादा, एक विचारू? बसण्याआधी तुम्ही बाकाला हात का लावता?"

पाराच्या पाठीवर प्लॅस्टर होतं, हलता येत नव्हतं. घाम फुटला तो प्लॅस्टरखाली कोणाला दिसणार नव्हता, तेवढंच नशीब.

"सवय," तो म्हणाला. "लहानपणी एकदा गरम बाकावर बसलो होतो. जन्मभराची अद्दल."

बाई हसल्या. पण त्या दिवसापासून पाराला त्यांची धास्ती बसली. भाऊ, बायको, कामगार हे सगळे त्याला रोज बघत होते, म्हणून कोणी बघत नव्हतं. या बाईचा धंदाच बघण्याचा.

पहिल्या चार पाठी झाल्या. साचा नेहमीच्या जागी उभा असायचा, बाजूला लाकडी चौथरा. पारा भट्टीतून गोळा घ्यायचा, लोखंडी पाटावर लोळवायचा, फुंकायचा, पुन्हा काच चढवायचा, असं चार वेळा. मग वळून नऊ पावलं चालून चौथऱ्यावर चढायचा आणि फुंकणी सरळ खाली सोडायचा. बाई उकिडव्या बसून साचा मिटून धरायच्या, धाकटा मागून फुंकणीला आधार द्यायचा. वाफेचा लोट उठायचा, पारा गाल फुगवून श्वास आत सोडायचा, आणि साच्याच्या आत कोणाचीतरी पाठ तयार व्हायची. दर वेळी चौथऱ्यावरून उतरताना तो फार जपून पाय टाकायचा. धाकटा म्हणायचा, "दादा, वजन फार आहे ना?" पारा म्हणायचा, "हो, वजन."

पाचवी पाठ त्याच्या बायकोची होती. त्या सकाळी जुन्या जागेची फरशी फुटलेली दिसली, म्हणून बाईंनी कोळसेवाल्याच्या मदतीने साचा आणि चौथरा दोन पावलं अलीकडे ओढून घेतला. धाकट्याला सांगितलं. धाकटा "बरं" म्हणाला. पारा तेव्हा भट्टीच्या तोंडाशी होता. त्याला वेगळं सांगायचं काय? समोर तर होतं.

चौथा थर चढवून पारा वळला. पिवळा अंधार. एक, दोन, तीन. गोळा जड झाला होता, खाली ओघळू बघत होता, तो फुंकणी फिरवत चालला. पाच. सहा. सातव्या पावलाला त्याच्या मांडीवर कोणाचातरी तळवा जोरात आदळला. तो थबकला. केस जळल्याचा वास आला. कोणी ओरडलं नाही. मग बाईंचा आवाज, अगदी हळू, अगदी जवळून, "डावीकडे पायरी आहे. चढा."

तो चढला. फुंकलं. पण मधल्या क्षणात काच एका अंगाने थंड झाली होती. पाठ वाकडी आली आणि निववायच्या भट्टीत ठेवल्यावर तासाभरात फुटली. तो टणकन आवाज शेडभर ऐकू गेला. धाकटा हळहळला. त्याने मागून फक्त भावाची पाठ बघितली होती, पुढचं काही त्याला दिसलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बाई पाराला मागच्या अंगणात घेऊन गेल्या, जिथे फुटक्या काचेचा ढीग होता. त्यांच्या डाव्या कानावरचे केस करपून गुंडाळले होते आणि कान लाल झाला होता.

"तुम्हाला मी दिसले नव्हते," त्या म्हणाल्या.

"दिसलात ना."

"मग मला जाळायला आला होतात का?"

  बाईंनी हात खिशात घातले.

"दादा, मी माझ्या कामासाठी पुष्कळ गोष्टी सोडल्या आहेत. पण तोंड भाजून घ्यायची माझी तयारी नाही. तुमच्या भावाचंही नको. उद्या सकाळपर्यंत तुम्ही घरात सांगा. नाहीतर मी सांगेन."

त्या दुपारी पारा पायी घरी गेला. वाटेत दोनदा थांबला.  बारा किलो रसरशीत काच आणि एका माणसाचा चेहरा, यात केवढं अंतर होतं? वीतभर? बोटभर? त्याला माहीतच नव्हतं, आणि हे माहीत नसणंच सगळ्यात भयंकर होतं. ती जागा धाकट्याची असती तर? एखाद्या दिवशी बायको काही विचारायला पुढे आली असती तर?

बायको जेवायला घरी आली होती, अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने पायरीवर बसून सगळं सांगितलं, दुधापासून ते करपलेल्या केसांपर्यंत. ती हातातला ओला सदरा तसाच धरून ऐकत होती.

"या पायरीच्या कडेला पांढरा रंग दिलाय, तो कोणी दिला असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली.

पाराने खाली बघितलं.

"दीड वर्ष झालं. तुम्ही दोनदा अडखळलात, मग मी रंग दिला. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं चाललंय तुमचं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने सदरा पिळला, पाणी आधीच गळून गेलेलं असताना. "मामंजी आठवत होते. म्हटलं, बोलले तर खरं होईल." मग आवाज चढवून म्हणाली, "पण माणूस जाळायची वेळ येईल असं नव्हतं वाटलं हो मला." आणि ती तिथेच पायरीवर बसून रडली. पाराने तिला कधी असं रडताना बघितलं नव्हतं. त्याने तिच्या हातातला सदरा घेतला आणि दोरीवर टाकला.

धाकट्याला सांगितलं, तेव्हा तो आधी हसला, मग पांढराफटक पडला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी तुझ्यापुढे मान घालून काम करतोय, दादा. माझ्या पोरी माझी वाट बघत असतात संध्याकाळी." त्याने हातातली फुंकणी भिंतीला टेकवली, नीट, हळूच, आणि निघून गेला. चार दिवस शेडकडे फिरकला नाही. भावाने शिव्या दिल्या असत्या तर पाराला बरं वाटलं असतं. पाचव्या दिवशी आला तो थेट पाराच्या घरी, हातात डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद. "उजवा डोळा आधी," म्हणाला. "मंगळवारी. मी येणार आहे, पळून जायचं नाही."

मंगळवारपर्यंत पाराला जेवण गेलं नाही. वडिलांच्या चुलत्याचा गेलेला डोळा त्याला दिसत होता, जो त्याने कधी बघितलाच नव्हता. डॉक्टरीण बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सांगितलं होतं की शुद्ध हरपणार नाही, दुखणार नाही, फक्त हलायचं नाही. तोंडावर कापड आलं, डोळ्यापुरतं भोक, आणि वरून उजेड. त्याच्या मनात आलं, आता शिंक आली तर? खोकला आला तर? तो जीव मुठीत धरून पडून राहिला. घशात खाज आल्यासारखी वाटली. त्याने मनातल्या मनात फुंकणी फिरवायला सुरुवात केली, एक फेरा, दोन फेरे, वेग बदलू द्यायचा नाही, काच एका अंगाला ओघळू द्यायची नाही. तीनशे चाळिसाव्या फेऱ्याला डॉक्टरीण म्हणाल्या, "झालं काका. छान राहिलात."

पट्टी दुसऱ्या दिवशी सुटली. आधी त्याला खिडकीचा पडदा दिसला, निळा. तो बराच वेळ त्या निळ्याकडे बघत बसला. मग बायकोचा चेहरा. ती म्हणाली, "काय बघताय?" तो म्हणाला, "तुझे केस पिकलेत." "तुम्हीच पिकवलेत," ती म्हणाली.

पण शेडमध्ये गेल्यावर आनंद टिकला नाही. मागच्या खोलीत फळ्यांवर वर्षभरातल्या न खपलेल्या बरण्या होत्या. त्याने एक उचलून उजेडात धरली. आत बुडबुड्यांची रांग. दुसरीत हिरवट झाक. तिसरीचा काठ एका बाजूला जाड. त्याने डझनभर बरण्या बघितल्या आणि खाली बसला.

"हे असं केव्हापासून?" त्याने धाकट्याला विचारलं.

"झालं वर्ष."

"आणि तू गप्प?"

"मला वाटलं तुझं वय झालं, हात गेला. डोळ्यांचं सुचलंच नाही." धाकटा पायाने खडा टोलवत होता. "तुला कोण सांगणार? तू पारा."

डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं की यापुढे उघड्या डोळ्यांनी भट्टीत बघायचं नाही. त्यांनी जांभळट काचेचा खास चष्मा दिला. तो लावला की भट्टीतली केशरी आग मेल्यासारखी राखाडी दिसायची. चाळीस वर्षांची विद्या त्या राखाडीत बुडाली. पाराला आता भिंतीवरच्या यंत्राचा आकडा वाचावा लागायचा, सगळ्यांसारखा. पहिल्या दिवशी त्याने तो वाचला तेव्हा सगळे आपापल्या कामात फार गुंतले.

राहिलेल्या दोन पाठी धाकट्याने फुंकायच्या असं ठरलं. त्याआधी पाराने हट्टाने त्याला दवाखान्यात नेलं. धाकटा वाटभर विनोद करत होता. तपासणीच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा विनोद संपले होते. "सुरुवात आहे म्हणाल्या," तो म्हणाला. "काम चालेल, चष्मा सोडायचा नाही. दर सहा महिन्यांनी यायचं." थोडं चालल्यावर विचारलं, "दादा, तुला रात्री झोप लागायची का, त्या दोन वर्षांत?"

"नाही."

"हं," धाकटा म्हणाला.

ज्या दिवशी पाराची पाठ फुंकायची होती, त्या दिवशी साचा धरायला तो स्वतः बसला. बाई म्हणाल्या, "मी धरते ना." तो म्हणाला, "नको. तुमचे केस आत्ता कुठे वाढलेत." तो उकिडवा बसला, ओल्या लाकडाच्या दोन्ही मुठी हातात घेतल्या आणि वर बघितलं.

धाकटा भट्टीकडून वळला. गोळा येत होता. पारा जन्मभर या गोळ्याच्या मागून चालला होता, समोर कधी बसला नव्हता. समोरून तो वेगळाच होता. घरंगळणारा, फुगणारा, आपल्याच तोंडाकडे निघालेला. गालाची कातडी ताणली गेली. पळावंसं वाटलं, पण साचा सोडता येत नव्हता. यातच, या इतक्याशा जागेत बाई त्या दिवशी बसल्या होत्या, आणि समोरून येणारा माणूस आंधळा होता.

"येतोय," धाकटा मोठ्याने म्हणाला. ही नवी रीत बाईंनी घालून दिली होती, प्रत्येक पाऊल बोलून टाकायचं. "चार. तीन. दिसतोस तू मला. दोन. थांबलो. चढतोय."

काच साच्यात उतरली. वाफ झाली. पाराने मुठी आवळून धरल्या आणि डोळे घट्ट मिटले. धाकट्याचा श्वास लांबलचक, एकसारखा आत जात होता, त्याला तो लाकडातून जाणवला.

बायकोची पाठ दुसऱ्या दिवशी केली. मग दोन्ही निववायच्या भट्टीत अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत शेडमध्ये कोणी मोठ्याने बोललं नाही. कुठे टणकन वाजलं की सगळे हातातलं काम थांबवून तिकडे बघायचे. एकदा तो चमचा पडल्याचा आवाज निघाला.

बाराव्या सकाळी बाईंनी दार उघडलं. दोन्ही पाठी अखंड होत्या. धाकट्याने वहिनीची आधी बाहेर काढली, मग भावाची, आणि दोन्ही घोंगडीवर शेजारी ठेवल्या. पाराच्या पाठीत खांद्यापाशी एक छोटा बुडबुडा राहिला होता. त्याने तो लगेच बघितला आणि बोटाने दाखवला.

"तेवढा चालेल," बाई म्हणाल्या.

"मला नाही चालत," पारा म्हणाला. "पण आता काय करणार."

बायको चाकावरून उठून आली, ओले हात पुसत. दोन्ही पाठींकडे बघत म्हणाली, "तुमची बरी आहे. माझीच किती वाकली हो," आणि पदराने आपल्याच पाठीवरची धूळ पुसली.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. पारा पहिल्या वेळेइतकाच घाबरला होता. जेवण पुन्हा जाईना. फरक इतकाच की या वेळी तो हे चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला. कोळसेवाल्याने त्याला आपल्यातली अर्धी बिस्किटं दिली, धाकट्याने सुट्टी टाकली, आणि बायकोने दवाखान्यात न्यायच्या पिशवीत आधीच एक स्वेटर घालून ठेवला, कारण त्या खोलीत फार थंडी असते असं तो मागच्या वेळी म्हणाला होता.